खरकटीं भांडीं : हातानें कीं यंत्रानें ?

भांडीं घासणें हा विषय भाषणास योग्य आहे काय, अशी शंका कांहीं श्रोत्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. पाकशास्त्रावर ग्रंथ झाले, भोजनाच्या पंक्तींचीं वर्णनें कवींनीं केलीं. परंतु पंक्ति उठल्यावर मोरींत जो ढीग पडतो त्याचें पुढें काय झालें, हें सांगण्याच्या भरीस सहसा कोणी पडलें नाहीं. अपवाद म्हणून महाभारतांतील द्रौपदीच्या थाळीची कथा सांगतां येईल. वनवासांत दुर्वास ऋषि शिष्यांसह अवेळीं आले, तेव्हां जेवणें आटोपून थाळी धुवून ठेविली होती. पण तिच्या कांठास भाजीचें एक पान चिकटून राहिलें होतें. तें श्रीकृष्णानें मुखांत टाकलें आणि सर्व ऋषींचीं पोटें भरलीं. थाळी निष्कलंक निघाली असती तर पांडवांवर शापच कोसळावयाचा! घासणींतील हलगर्जीपणाचें इतकें गोड फळ त्यानंतर कोणास मिळाल्याचें ऐकिवांत नाहीं.

आज हा विषय घेण्याचें कारण मात्र निराळें आहे. भांडीं धुण्याचें विजेचें यंत्र, ज्यास सर्वत्र डिशवॉशर म्हणतात, तें मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांतून निघून मध्यम स्थितींतील लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरूं लागलें आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यांत टाळेबंदी आली, कामास येणाऱ्या बायकांचें येणें एका दिवसांत थांबलें, आणि ज्यांनीं जन्मांत कधीं घासणी हातीं धरली नव्हती अशा पुरुषमंडळींसही मोरीपुढें उभें राहावें लागलें. तेव्हांपासून या यंत्राची चौकशी वाढली. नाशिकांतील गंगापूर रोड काय, इंदिरानगर काय, चार बायका किंवा चार पुरुष जमले कीं त्यावर वाद निघतो. एक पक्ष म्हणतो, हातासारखी स्वच्छता यंत्रास साधणार नाहीं. दुसरा म्हणतो, हातानें घासणें म्हणजे पाण्याची नासाडी. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात, पण मोजून पाहत नाहींत. आपण तें थोडें मोजून पाहूं.

यंत्राकडे वळण्यापूर्वीं भांड्यांकडे पाहिलें पाहिजे. कारण धुण्याची रीति भांड्याच्या धातूवर ठरते. या बाबतींत नाशिककरांस कोणी शिकवावें असें नाहीं. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं हें गांव जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. जुन्या नाशिकांतील तांबट लेन आणि भांडी बाजार हीं नांवेंच त्या व्यवसायाची साक्ष देतात. रामकुंडावर स्नान करून परतणारा यात्रेकरू गंगेचें पाणी गांवीं नेण्यासाठीं तांब्याचा गडू येथूनच घेई. आणि लेकीच्या लग्नांत द्यावयाचे हंडे, कळश्या, घंगाळें, पराती, तपेलीं घेण्यासाठीं आसपासच्या तालुक्यांतून लोक येत. ठोक्याच्या भांड्यावरील एकेक चांदणी म्हणजे तांबटाच्या हातोडीचा एकेक घाव. असें भांडें नुसतें धुतल्यानें भागत नसे. तें उजळावें लागे.

तांब्यापितळेच्या भांड्याचा शत्रु दुहेरी असतो. एक तेलकट खरकटें, आणि दुसरा हवेच्या व ओलाव्याच्या योगानें धातूवर चढणारा काळपट-हिरवट थर. दोन शत्रूंस दोन शस्त्रें लागत : राख आणि चिंच. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचें द्रव्य असतें. तें पाण्यांत विरघळलें कीं पाणी अल्कलीधर्मी होतें आणि भांड्यावरील तेलाच्या कांहीं अंशाचा तेथल्या तेथें साबण बनतो. राखेचे बारीक कण वर घर्षणाचें काम करतात, म्हणजे साबण आणि घासणी एकाच चिमटींत आलीं. चिंचेचें काम निराळें. तिच्यांतील टार्टारिक आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवितें आणि खालचें लालभडक तांबें किंवा पिवळीधमक पितळ उघडी पडते. म्हणूनच चिंच आधीं कीं राख आधीं, हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. दोन्हीं एकदम लावलीं तर आम्ल आणि अल्कली परस्परांस मारतात आणि दोहोंचा जोर कमी होतो. जुन्या बायका चिंचेनें उजळून, विसळून, मग राखेचा हात फिरवीत, त्यांत हेंच तत्त्व होतें.

आंतून कल्हई असे. कल्हईवाला भांडें तापवून, नवसागराची पूड टाकून, कापसाच्या बोळ्यानें कथिलाचा पातळ हात आंतून फिरवी, आणि क्षणांत भांडें चांदीसारखें होई. ही कल्हई केवळ शोभेसाठीं नव्हे. ती गेली कीं ताक, आमटी, चिंचेचें सार यांसारखे आंबट पदार्थ तांब्यास खातात आणि अन्न कळकतें. कळकलेलें अन्न पोटांत गेल्यास मळमळ व ओकाऱ्या होतात. कथील मऊ असतें, त्यामुळें भांडें बाहेरून खसखसून आणि आंतून हलक्या हातानें घासावयाचें, ही शिस्त प्रत्येक घरांत मुलींना लावली जाई. मुलींनाच, मुलांना नव्हे, हें येथें नमूद करून पुढें जातों.

हें सर्व बदललें तें यंत्रानें नव्हे. तें बदललें स्टेनलेस स्टीलनें. इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं पोलादांत क्रोमियम मिसळून न गंजणारा धातु तयार केला. या धातूवर क्रोमियमच्या ऑक्साइडचें एक अतिसूक्ष्म, पारदर्शक कवच हवेंतच तयार होतें, आणि ओरखडा उठला तरी तें पुन्हा आपोआप जमतें. त्यामुळें त्यास काळें चढत नाहीं, कल्हई लागत नाहीं, आंबट पदार्थ कळकत नाहींत. स्वातंत्र्यानंतरच्या कांहीं दशकांत बोहारणीच्या टोपलींतून आणि लग्नांतील आहेरांतून स्टील घरोघर पोहोंचलें व पितळी भांडीं माळ्यावर गेलीं. चिंचेची गरज संपली. पाठोपाठ गॅसची शेगडी आली, आणि चूल विझल्यावर राखही दुर्मिळ झाली. तिची जागा साबणाच्या वडीनें घेतली. भांडीं घासण्याचें अर्धें काम वास्तविक स्टीलनें हलकें केलें. पण त्याचे आभार मानल्याचें कोणास आठवत नाहीं. यंत्राची जाहिरात होते, धातूची होत नाहीं.

आतां राहिलें तें खरकटें. तें एकजिनसी नसतें, आणि त्याचे प्रकार ओळखल्यावांचून यंत्र आणि हात यांची तुलना करणें व्यर्थ आहे. नाशिकची मिसळ घ्या. तिच्या तर्रीची वाटी म्हणजे तेलांत विरघळलेल्या मिरचीच्या रंगाचा थर. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, म्हणून नुसत्या पाण्यानें ती वाटी निघत नाहीं. साबणाच्या सूक्ष्म कणाचें एक टोंक पाण्याशीं मैत्री करतें आणि दुसरें तेलाशीं. अशा असंख्य कणांनीं तेलाच्या थेंबास वेढा घातला कीं तो भांड्यास सोडून पाण्याबरोबर वाहून जातो. भाताचें खरकटें वेगळें : तें पिष्ट, वाळलें कीं खळीसारखें घट्ट. दुधाचें पातेलें तिसऱ्या तऱ्हेचें, कारण त्याच्या तळास प्रथिनें करपून बसतात. पिष्ट आणि प्रथिनें यांवर साबणाचा प्रभाव थोडा. त्यांस भिजण्यास वेळच द्यावा लागतो. आणि हळद तर चौथीच. हळदीचा डाग असलेल्या वाटीस साबण लावतांच तो लाल होतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. साबण अल्कलीधर्मी आहे, आणि हळद व चुना यांच्या मिश्रणानें कुंकू लाल कां होतें याचें जें उत्तर तेंच याचें. असा डाग प्लॅस्टिकच्या डब्यावर पडल्यास घासून जात नाहीं. तो डबा एक-दोन दिवस उन्हांत ठेवावा, ऊन हळदीचा रंग खातें.

कोणतीही धुलाई कशी होते याचा एक सुटसुटीत नियम हेर्बर्ट झिनर नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें १९५९ सालीं मांडला. इंग्रजी वळणानें त्याचें नांव सिन्नर असेंही वाचतात. पण आपल्या जिल्ह्यांतील सिन्नरशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, मळ निघण्यास चार गोष्टी लागतात : रसायन, उष्णता, घर्षण आणि काळ. एखादी कमी केली तर उरलेल्यांपैकीं कोणती तरी वाढविली पाहिजे. फुकट कांहीं मिळत नाहीं. एवढें ध्यानांत घेतलें कीं हात आणि यंत्र यांतील भेद लख्ख दिसतो. हाताजवळ घर्षण भरपूर आहे. हाताची बोटें कढईच्या कडेखालीं, डब्याच्या कोपऱ्यांत, किसणीच्या भोंकांत पोहोंचतात, आणि कोठें अजून चिकट आहे हें डोळ्यांआधीं त्यांस कळतें. पण कढत पाणी त्यांस सोसत नाहीं, तीव्र रसायन सोसत नाहीं, आणि दहा घरचीं कामें पडलेलीं असल्यानें काळही थोडा. यंत्राजवळ याच्या उलट : घर्षण जवळजवळ शून्य, पण उष्णता, रसायन आणि काळ हवा तितका. म्हणून जें काम हात वीस-पंचवीस मिनिटांत उरकतो त्यास यंत्र दोन-तीन तास घेतें. हा यंत्राचा आळस नव्हे. तो त्याचा व्यवहार आहे.

या यंत्राचा इतिहास मनोरंजक आहे. १८५० सालीं अमेरिकेंत जोएल हाउटन यानें हातानें फिरविण्याच्या एका लांकडी साधनाचें पेटंट घेतलें, पण त्यांत भांडीं ओलीं होण्यापलीकडे फारसें कांहीं होत नसे. खरें उपयुक्त यंत्र काढलें तें जोसेफीन कॉक्रेन या बाईनें. इलिनॉय संस्थानांतील शेल्बीव्हिल गांवीं ती राहत असे. नोकरांच्या हातून तिचीं उंची चिनी मातीचीं भांडीं टिचत. तेव्हां दुसऱ्या कोणी यंत्र काढलें नाहीं तर मीच काढीन, अशा ईर्षेनें ती कामास लागली. १८८३ सालीं पति वारला आणि मागें कर्ज राहिलें, तेव्हां ही हौस पोटापाण्याची बाब झाली. तिनें बशा, पेले, थाळ्या यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले, ते एका चाकावर बसविले, आणि तें चाक आपल्याकडील बंबासारख्या एका तांब्याच्या भांड्यांत ठेवून त्यावर साबणाच्या कढत पाण्याचे फवारे सोडले. २८ डिसेंबर १८८६ रोजीं तिला पेटंट मिळालें. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत या यंत्राची वाहवा झाली. ज्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली होती. कॉक्रेनबाईचीं यंत्रें हॉटेलांनीं घेतलीं. गृहिणींनीं घेतलीं नाहींत. इतकें कढत पाणी घरांत कोठून आणावें, हा प्रश्न त्या काळीं अमेरिकेंतही सुटलेला नव्हता.

आजचें यंत्र तत्त्वतः तेंच आहे. भांडीं स्थिर राहतात आणि त्यांच्या खालीं-वर फिरणाऱ्या पोकळ दांड्यांच्या भोंकांतून पाण्याचे जोरदार फवारे उडतात. पाणी दर वेळीं नवें येत नाहीं. तळाशीं सांठलेलें तीन-चार लिटर पाणीच पंप पुन्हा पुन्हा गाळणींतून वर फेंकतो, आणि टप्पा संपला म्हणजे तें सोडून दुसरें घेतो. आंतील विजेची कांडी पाणी पन्नास ते सत्तर अंशांपर्यंत तापविते. त्यांत टाकावयाची वडी मोरीवरच्या वडीहून सर्वस्वीं वेगळी आहे. तिला फेंस येत नाहीं आणि येऊंही नये, कारण फेंस झाल्यास फवाऱ्याचा जोर मरतो. तिच्यांत सोडा, रंग घालविणारें द्रव्य आणि विकरें असतात. आपल्या लाळेंत व जठरांत जीं पाचक द्रव्यें असतात त्यांच्याच जातीचीं हीं विकरें. एक पिष्ट पचवितें, दुसरें प्रथिनें. म्हणजे वाळलेला भात यंत्र घासून काढीत नाहीं, तें तो सावकाश पचवून टाकतें.

यंत्रांत मीठ कां घालावें लागतें, हा प्रश्न नवीन घेणारे सर्वजण विचारतात. पाण्यांत चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असले कीं तें दुष्फेन होतें. आपल्याकडे काळ्या पाषाणांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी बहुधा असें असतें. धरणाचें त्या मानानें सौम्य. दुष्फेन पाण्यानें पेल्यांवर पांढरे डाग पडतात आणि तापविण्याच्या कांडीवर पापुद्रे बसतात. म्हणून यंत्रांत राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. ते मणी चुना धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यांत सोडियम सोडतात. मणी चुन्यानें भरले कीं मिठाच्या पाण्यानें ते पुन्हा मोकळे करतात. याला जाडें, शुद्ध मीठ लागतें. स्वयंपाकाचें बारीक मीठ वापरूं नये, कारण तें सुटें राहावें म्हणून त्यांत घातलेलीं द्रव्यें कप्प्यांत साचतात. महापालिकेच्या नळाचें पाणी असलेल्या घरीं मीठ थोडें लागेल, टँकर किंवा कूपनलिका असलेल्या सोसायटींत पुष्कळ. विक्रेता हें क्वचितच सांगतो.

आतां पाण्याचा हिशेब. यंत्र एका फेरींत सुमारें दहा ते पंधरा लिटर पाणी घेतें. जर्मनींतील बॉन विद्यापीठांत या शतकाच्या आरंभीं युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या लोकांस बारा माणसांचीं भांडीं हातानें धुण्यास सांगून पाणी मोजलें, तेव्हां सरासरी १०३ लिटर पाणी आणि तें तापविण्यास अडीच युनिट शक्ति लागल्याचें आढळलें. हा आंकडा यंत्रें विकणारांस फार आवडतो. पण तो जसाच्या तसा नाशिकास लावणें बरोबर नाहीं. तेथील लोक ऊन पाण्यानें भांडीं धुतात. आपण बाराही महिने थंड पाण्यानें धुतों. तेव्हां पाणी तापविण्याची जी बचत यंत्रानें तेथें होते ती येथें होतच नाहीं. उलट दर फेरीस सुमारें एक युनिट विजेचा नवा खर्च पडतो. दुसरें असें कीं, सरासरींत सर्व तऱ्हेचे लोक येतात. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २०२० सालीं हवेंत जाणाऱ्या घातक वायूंच्या दृष्टीनें हिशेब मांडला, तेव्हां वाहत्या नळाखालीं धुणें सर्वांत वाईट, यंत्र त्याहून बरें, आणि दोन कुंड्यांत, म्हणजे एकींत साबणाचें पाणी व दुसरींत स्वच्छ पाणी घेऊन हातानें धुणें सर्वांत चांगलें, असें निघालें. भेद हात आणि यंत्र यांत जितका नाहीं तितका उघडा नळ आणि बंद नळ यांत आहे.

याचा प्रयोग कोणासही घरीं करतां येईल. लिटरभर मापाचा तांब्या नळाखालीं धरून घड्याळ पाहावें. तो दहा सेकंदांत भरला, तर मिनिटास सहा लिटर. पंधरा मिनिटें नळ चालू राहिला तर नव्वद लिटर. दोन वेळचे एकशें ऐंशी. शहरांतील पाणीपुरवठ्यासाठीं सरकारी प्रमाण दरमाणशीं दररोज १३५ लिटरांचें आहे. म्हणजे केवळ मोरीच्या नळानें घरांतील एका माणसाचें दिवसभराचें पाणी पिऊन वर पंचेचाळीस लिटर शेजाऱ्याचें घेतलें! हें पाणी येतें कोठून? १९६५ सालीं पुऱ्या झालेल्या गंगापूर धरणांतून, दारणेंतून, मुकण्यांतून. याच खोऱ्याच्या खालच्या अंगास जायकवाडी आहे आणि तिच्यावर मराठवाड्याची तहान. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याची समन्यायी वांटणी करावयाची ठरली, आणि टंचाईच्या वर्षीं नाशिकच्या धरणांतून खालीं पाणी सोडण्यावरून काय रणें माजतात तें श्रोत्यांस ठाऊक आहे. भांड्यांच्या पाण्यानें हा तंटा मिटेल असें मी म्हणत नाहीं. शेतीच्या पाण्यापुढें तें कांहींच नव्हे. पण ज्या हातानें आपण निषेधाचा अर्ज लिहितों त्याच हातानें नळ बंद करण्यास हरकत नसावी.

बालदी-घमेल्याच्या जुन्या रीतीनें चौघांचीं भांडीं वीस-पंचवीस लिटरांत होतात. यंत्राचे बारा लिटर त्याहूनही कमी, हें मान्य केलें पाहिजे. पण एका अटीवर. भांडीं यंत्रांत लावण्यापूर्वीं नळाखालीं विसळण्याची खोड पुष्कळांस असते, तिनें ही सारी बचत वाहून जाते. खरकटें फक्त निपटून काढावें आणि यंत्र पूर्ण भरल्यावरच चालवावें. येथें आपल्या स्वयंपाकाची अडचण येते. हीं यंत्रें मुळांत बशा आणि पेले यांसाठीं योजिलेलीं. आपल्याकडे एक कुकर, एक कढई, दोन पातेलीं आणि एक परात आंत बसविली कीं ताटांना जागा उरत नाहीं.

शिवाय सर्वच भांडीं आंत जाण्यासारखीं नसतात. वडीचें पाणी तीव्र अल्कलीधर्मी असतें आणि अ‍ॅल्युमिनियमवरील संरक्षक कवच त्यांत विरघळतें. म्हणून कुकर चार दिवसांत काळवंडतो. बिडाच्या तव्यावर तेलाचा जो जुना हात बसलेला असतो तो निघून जातो आणि तवा गंजतो. पोळपाट-लाटणें फुगून चिरतें. तांबें, पितळ आणि कांसें यांची लकाकी जाते व कल्हई झिजते. तेव्हां ज्या नाशिकानें घराघरांत तांब्यापितळ भरली त्या नाशिकचीं जुनीं भांडीं या यंत्रास सर्वथैव वर्ज्य आहेत. देवघरांतील उपकरणीं आणि सणावारास काढावयाचीं घंगाळें यांच्यासाठीं चिंच अजून हाताशीं ठेवावीच लागेल. स्वच्छतेच्या एका बाबतींत मात्र यंत्र सरस ठरतें. साठ-सत्तर अंशांचें पाणी पुष्कळ रोगजंतूंचा नाश करतें. आणि मोरीच्या कोपऱ्यांत अहोरात्र ओला पडलेला स्पंज हें जंतूंचें माहेरघर असतें. घरांत तान्हें मूल किंवा दीर्घकाळचा रोगी असेल तर हा लाभ लहान नव्हे. हातानें धुणारांनीं घासणी रोज पिळून वाळत टाकावी आणि भांडीं पालथीं घालून पुरतीं निथळूं द्यावीं. फडक्यानें पुसण्याची घाई करूं नये.

आतांपर्यंतच्या हिशेबांत एक आंकडा आपण धरलाच नाहीं. हात, हात असें आपण म्हणत आलों. पण तो कोणाचा हात? केंद्र सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. तींत घरकामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठीं रोज सरासरी २९९ मिनिटें देतात आणि पुरुष ९७, असें दिसलें. आणि मुळांत असा भाग घेणारे पुरुष शेंकडा सव्वीस, स्त्रिया शेंकडा एक्क्यायशीं. हें झालें घरच्यांचें, बिनमोल. ज्या घरीं मोलानें बाई येते तेथें तो हात तिचा. ती सकाळपासून चार-सहा घरच्या मोऱ्यांपुढें उभी राहते, तिचा पगार घरागणिक महिन्याचा ठरतो, आणि पाहुणे आले म्हणून ढीग दुप्पट झाला तरी तो वाढतोच असें नाहीं. सतत ओल्या राहणाऱ्या हातांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. साबण व सोडा यांनीं कातडीवरील नैसर्गिक स्निग्धता जाऊन भेगा पडतात. तारेच्या घासणीनें कापलेल्या बोटास मिरचीचें तेल लागलें म्हणजे काय होतें, हें मी वर्णन करण्याची गरज नाहीं.

या बायकांनीं आपलें गाऱ्हाणें सांगितलेंच नाहीं असें नव्हे. १९८० सालीं पुण्यांत मोलकरणींनीं संप केला व आपली संघटना उभारली. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. अठरा वर्षें पुरीं झालेल्या आणि साठीच्या आंतील कामगारांस त्याखालीं नोंद करतां येते. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ सालीं झाला, त्यास भारतानें अनुमोदन दिलेलें नाहीं. आतां घरांत यंत्र आलें म्हणजे काय घडतें? कोठें बाईला सांगतात, उद्यांपासून भांडीं नकोत, केर-फरशी तेवढी कर, आणि पगार निम्मा होतो. कोठें तीच बाई भांडीं यंत्रांत लावते, काढते, आणि त्या वेळांत दुसरें काम उरकते. पगार तोच राहतो आणि हात कोरडे राहतात. यंत्र दोन्ही घरीं एकच असतें. पंचवीस ते पन्नास हजार रुपयांचें हें यंत्र घेण्याचा विचार ज्यांनीं चालविला आहे त्यांनीं विजेच्या आणि मिठाच्या खर्चाबरोबर हा जमाखर्चही आधींच कागदावर मांडावा. यंत्र घरीं आल्यावर तो मांडण्याची बुद्धि सहसा होत नाहीं. आणि ज्यांना यंत्र घ्यावयाचें नाहीं त्यांना रबरी हातमोज्यांची एक जोडी, खरखरीत तारेऐवजीं बरी घासणी आणि आठवड्याची एक सुटी एवढें तरी बाईला देतां येईल. त्यास हजारो रुपये लागत नाहींत.

माझें स्वतःचें मत विचाराल तर नोकरी करणारें जोडपें, घरांत आजारी माणूस, रोज आठ-दहा माणसांची पंगत, अशा घरीं यंत्र अवश्य घ्यावें. चौघांच्या घरीं दोन घमेलीं पुरेत. रीति अशी : खरकटें निपटून काढावें, भाताचीं व दुधाचीं भांडीं जेवण होतांच भिजत घालावीं, कारण झिनरच्या चार गोष्टींपैकीं काळ हीच एक फुकट मिळते, तेलकट भांडीं वेगळीं ठेवावीं आणि सर्वांच्या शेवटीं घासावीं, म्हणजे त्यांचें तेल इतरांस लागत नाहीं. पहिल्या घमेल्यांत साबणाचें पाणी, दुसऱ्यांत स्वच्छ. पेले व वाट्या आधीं, ताटें मागून, कढई शेवटीं. शेवटचा हात मात्र तांब्याभर ताज्या पाण्याचा द्यावा.

आणि राहिलें तें मोरीचें पाणी. पूर्वीं तें परसांत केळीच्या आळ्यांत आणि अळूच्या वाफ्यांत जाई, आणि मोरीच्या पाण्यावरचा अळू माजे. आज तें गटारांतून मलशुद्धीकरण केंद्रांत आणि तेथून गोदावरींत जातें. ज्या साबणांत फॉस्फेट असतें त्यानें पाणवेलीचें खत होतें; नांदूर-मध्यमेश्वरच्या ज्या जलाशयास रामसर क्षेत्राचा मान मिळाला तो याच प्रवाहावर, नाशिकच्या खालच्या अंगास आहे. युरोपीय संघानें यंत्राच्या वड्यांतील फॉस्फेटवर २०१७ पासून कडक मर्यादा घातली. आपण वडी घेतांना वेष्टन वाचून तें नसलेलीच घ्यावी. ज्यांच्या घरास अजून थोडेंसें परस आहे त्यांनीं साबण लावण्यापूर्वींचें विसळण्याचें पाणी बालदींत धरून अळूस घालावें. यंत्रांतून निघणारें पाणी मात्र घालूं नये. त्यांतील सोडा आणि मीठ अळूस मानवत नाहीं.